केरिनचा नेटका प्रश्न

मूंटा गावात आल्विन ट्रेम्बाथला लोक ओळखायचे ते टेलिफोनवाला म्हणून. एकतीस वर्षं त्याने एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात घालवली होती आणि निवृत्त झाल्यावरही शेजारीपाजारी फोन बिघडला की त्यालाच हाक मारत. गावाबाहेरची त्याची ओळख मात्र निराळी होती. प्रोग्रॅमिंगच्या एका फोरमवर तो नवख्यांना प्रश्न विचारायला शिकवायचा. उत्तरं देणारे तिथे पैशाला पासरी होते. धड प्रश्न विचारायला शिकवणारा हा एकटाच. आणि त्याने घासूनपुसून घेतलेल्या एका प्रश्नापायी दोनशे बारा गुरं तहानेने मेली. हे आधीच सांगितलेलं बरं. आल्विनच्या आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टी आता कोणी विचारत नाही, तोही सांगत नाही.

हा नाद त्याला लागला तो अपमानातून. चाळिशी उलटल्यावर तो स्वतःच्या हिमतीवर प्रोग्रॅमिंग शिकत होता. अडला, तेव्हा मोठ्या आशेने त्याने अशाच एका ठिकाणी आपला पहिला प्रश्न टाकला. उत्तर आलं, ‘आधी पुस्तक वाच, मठ्ठ.’ खाली सतरा जणांनी हसून घेतलं. आल्विन तीन दिवस धड जेवला नाही. मार्लिनने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्या आवडीच्या पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, करून ठेवल्या तर त्याही तशाच थंड झाल्या. तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं की आपल्या हातात कधी काही असलंच, तर नव्या माणसाला कोणी असं हिडीसफिडीस करणार नाही.

पुढे त्याच्या हातात ते आलं. या फोरमवर तो देखरेख करणाऱ्यांपैकी एक झाला. नवख्यांचे प्रश्न तपासायचे, बरे असतील ते ठेवायचे, वाईट असतील ते बंद करायचे. बाकीचे देखरेखवाले नुसतं टाळं ठोकत. आल्विन टाळं ठोकून खाली दोन गोड ओळी लिहायचा. ‘या, बसा. एकच गोष्ट विचारा. घरची कहाणी नको. प्रोग्रॅमचा जेवढा तुकडा अडतोय तेवढाच दाखवा. तासाभरात उत्तर मिळेल.’ मिळायचंही. शेकडो पोरं त्याच्या हाताखालून शिकून गेली.

‘‘जगभरच्या पोरांना शहाणं करतोस आणि मोरीतला नळ आठवडाभर ठिबकतोय,’’ मार्लिन म्हणायची.

‘‘नळाचं बघतो गं. हा एक बिचारा कधीचा अडकलाय.’’

‘‘बिचारा! मला एकदा तरी बिचारी म्हण.’’

आल्विन हसायचा आणि पुन्हा पडद्याकडे वळायचा. माणूस सुखी होता.

जानेवारीत, दक्षिण गोलार्धातला उन्हाळा ऐन भरात असताना, केरिन ओल्डफील्ड नावाच्या मुलीचा प्रश्न आला. वय बावीस. मारी गावाच्याही पुढे, जिथे शेजाऱ्याचं घर गाडीने दोन तासांवर असतं, तिथे तिच्या बापाचं गुरांचं कुरण. प्रश्न कसला, पत्रच होतं ते. बाप खुब्याचं हाड मोडून पोर्ट ऑगस्टाच्या इस्पितळात पडलाय. कुरणावर ती आणि एक म्हातारा गडी. नऊ बोअर, नऊ टाक्या, प्रत्येक टाकीच्या तळाशी पाण्याची खोली मोजणारं एकेक यंत्र. यंत्रांचे आकडे गोळा करून फोनवर पाठवणारा प्रोग्रॅम तिनेच व्हिडिओ बघून बघून लिहिलेला. त्यामुळे रोजची पाण्याची फेरी आठवड्यातून एकदा मारली तरी चालायची. मंगळवारपासून सात नंबरची टाकी उणे एक दाखवतेय. दर दहा मिनिटांनी इशारा येतो, इतका की बाकीच्या आठ टाक्यांचे इशारे त्यात बुडून जातात. सात नंबर घरापासून सत्तर किलोमीटर. यंत्र बिघडलंय की टाकीत काही झालंय? तोवर हे इशारे थांबवायचे कसे? आणि जाता जाता, इथे पारा सेहेचाळीसवर आहे, चुकलं असेल तर माफ करा.

आल्विनला पोरीची कीव आली. दुसऱ्या कोणी टाळं ठोकून तिचा पाणउतारा करण्याआधी त्याने स्वतःच प्रश्न बंद केला आणि खाली लिहिलं, ‘केरिन, आलीस ते छान केलंस. वडील, इस्पितळ, गुरं, हवामान सगळं काढून टाक. एकच प्रश्न ठेव. घाबरू नकोस, मी इथेच आहे.’

पोरगी हुशार. वीस मिनिटांत तिने सगळं छाटून चार ओळींवर आणलं. ‘यादीतल्या एका यंत्राकडून उणे एक असा आकडा येतो. तो आला की इशारा पाठवायचा नाही. कसं करू?’ खाली सहा ओळींचा प्रोग्रॅम, एक अक्षर जास्त नाही.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला उणे एक दिसलं की तो पुढे विचार करत नाही. शोधलेलं सापडलं नाही, उणे एक. आकडा हाती आला नाही, उणे एक. या धंद्यात पन्नास वर्षं ही रीत चालत आलीये, आणि ती आल्विनच्या इतकी अंगवळणी पडली होती की त्या आकड्यामागे एक खरीखुरी टाकी उभी आहे, हे वीस मिनिटांपूर्वी वाचूनही त्याच्या डोक्यात राहिलं नाही. त्याने एका ओळीचं उत्तर दिलं. ‘आकडा शून्याखाली असेल तर तो सोडून दे.’ वर शाबासकी दिली, ‘प्रश्न असा विचारावा!’ केरिनने आभार मानून उत्तरावर पसंतीची हिरवी खूण केली. मग आल्विनने तिचा आधीचा आणि नंतरचा प्रश्न शेजारी शेजारी ठेवून नवख्यांच्या मार्गदर्शिकेत नमुना म्हणून लावला. त्या संध्याकाळी त्याने मोरीतला नळही दुरुस्त केला.

अकरा दिवसांनी त्या उत्तराखाली केरिनच्या नावाने दोन ओळी उमटल्या. ‘उत्तर बरोबर होतं. इशारे थांबले. टाकी कोरडी होती. पाणी संपून यंत्र उघडं पडलं की ते उणे एक दाखवतं. दोनशे बारा.’

आल्विनने त्या तीनदा वाचल्या. दोनशे बारा काय, ते त्याला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. तिसऱ्यांदा वाचून होतंय न होतंय तोच ओळी गायब झाल्या. होबार्टची पेटुला वॉन, तीही देखरेखवालीच, तिने त्या काढून टाकल्या होत्या. कारण लिहिलं होतं, ‘विषयाला धरून नाही.’ नियमाप्रमाणे तिचं बरोबरच होतं. तो नियम लिहिणाऱ्यांत आल्विनही होता.

त्याने आपलं उत्तर पुसायला घेतलं. पुसता येईना. ज्या उत्तरावर विचारणाऱ्याने हिरवी खूण केली, ते देणाऱ्याला, तो देखरेखवाला असला तरी, काढता येत नाही, अशी तिथली रीत. खूण उठवायची तर केरिननेच. मग त्याने उत्तरात भर घातली, ‘थांबा. आधी जाऊन बघा, उणे एक म्हणजे खरंच काय.’ पेटुलाने तासाभरात ती भर काढून टाकली. त्याने मार्गदर्शिकेतला नमुना काढला. तोही परत लावला गेला.

त्याने पेटुलाला फोन केला.

‘‘आल्विन, वाईट मलाही वाटतं रे,’’ ती म्हणाली. ‘‘पण तिने इशारा थांबवायचा कसा विचारलं, तू सांगितलंस. टाकीत पाणी आहे का, असं तिने विचारलंच नाही.’’

‘‘विचारलं होतं. मी काढायला लावलं.’’

‘‘मग आम्ही काय नवख्यांच्या घरची गाऱ्हाणी वाचत बसायची? रोज चारशे प्रश्न येतात. दोन दिवस विश्रांती घे, बाबा.’’

आणि उत्तर तिथेच राहिलं. वाईट याचं होतं की ते लोकांना आवडत होतं. रोज कोणीतरी नवा यायचा, उणे एकने वैतागलेला, उत्तर उचलून न्यायचा आणि आभार मानून जायचा. कोणाचा तो खेळ असेल, कोणाची दुकानातली यादी. कोणाचं काय, हे आल्विनला कुठे माहीत होतं? त्याने केरिनला फोरमवरून तीन निरोप धाडले. एकाचंही उत्तर आलं नाही.

‘‘जा तिच्याकडे,’’ मार्लिन म्हणाली.

‘‘कुठल्या तोंडाने जाऊ?’’

‘‘आहे त्याच. दुसरं कुठून आणशील?’’ तिने डब्यात सहा पेस्ट्या भरून दिल्या. या खेपेला ती त्याला एका शब्दानेही बोलली नाही, आणि त्यामुळेच त्याला जास्त भरून आलं.

सकाळी निघाला, एक रात्र वाटेत लिंडहर्स्टला काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओल्डफील्डांच्या दारात उभा राहिला. बाप घरी आला होता. नोएल त्याचं नाव, कुबड्या घेऊन व्हरांड्यात बसलेला. आल्विनने नाव सांगितलं, कशाला आलो तेही सांगितलं. म्हातारा चिडेल, हाकलून देईल, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

‘‘तो कॉम्प्युटरवाला तूच होय, मित्रा?’’ नोएल म्हणाला. ‘‘ये, बस. पोरगी म्हणत होती, तिथे एकच माणूस माझ्याशी नीट बोलला. कुंपणाशी आहे ती, बोलावतो.’’

यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

केरिन आली. हाताला गंज, डोळ्यांखाली काळं. त्याला बघून तिला ना राग आला ना आनंद झाला. ‘‘सात नंबर बघायचाय?’’ तिने विचारलं. नको म्हणायची त्याची छाती झाली नाही.

दोघं आल्विनच्याच गाडीने निघाले, सत्तर किलोमीटर. वास बऱ्याच अलीकडून यायला लागला. गुरं खड्डा खणून पुरली होती, पण कठीण जमिनीत खड्डा खोल गेला नव्हता. टाकीखालच्या, गुरांनी पाणी प्यायच्या डोणीचा पत्रा त्यांनी ढुशा देऊन देऊन चेपवला होता. टाकी आता भरलेली होती.

‘‘पांढऱ्या काकाकुव्यांनी पंपाची वायर कुरतडली होती,’’ केरिन म्हणाली. ‘‘दहा मिनिटांचं काम. जोडली की झालं.’’

‘‘तू कधी आलीस इथे?’’

‘‘सोमवारी. फेरीच्या दिवशी.’’

‘‘आणि मी उत्तर दिलं ते गुरुवारी.’’

‘‘गुरुवारी दुपारी. डोणीत तेव्हा थोडं पाणी असणार. बरीचशी जिवंत असणार.’’

आल्विन गाडीच्या पायरीवर बसला आणि ज्यासाठी आला होता ते त्याने कसंबसं सांगितलं. उत्तर काढून टाकायचंय, काढता येत नाही, ती हिरवी खूण तेवढी तू उठव. मग मी ते मुळापासून पुसेन. दुसऱ्या कोणावर ही पाळी नको.

‘‘नाही उठवता येणार,’’ ती म्हणाली. ‘‘ते शेवटचं लिहिलेलं त्यांनी काढलं ना, तेव्हाच मी खातं बंद केलं. प्रश्न तिथेच ठेवलाय त्यांनी. माझं नाव काढून.’’

आता ती खूण उठवणारं जगात कोणी उरलं नव्हतं. आल्विनला हे कळत होतं आणि तिलाही कळलं असावं.

‘‘केरिन, माझं चुकलं,’’ तो म्हणाला. ‘‘तू सगळं लिहिलं होतंस. मी वाचलंही होतं.’’

‘‘तुम्ही बाकीच्यांसारखे असतात तर बरं झालं असतं, आल्विन.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे तिरसट. प्रश्न टाकला तेव्हा गाडीची किल्ली माझ्या हातात होती. घटकाभर वाट बघायची, नाहीतर सरळ निघायचं, असं ठरवलं होतं. तुम्ही मला मठ्ठ म्हणाला असतात ना, तर मी फोन आपटला असता आणि इथे आले असते.’’ ती टाकीकडे बघत होती. ‘‘तुम्ही म्हणालात, घाबरू नकोस. मग मी घाबरले नाही. किल्ली परत खिळ्याला लावली.’’

आल्विनने इतकी वर्षं जपलेली एकुलती एक चांगली गोष्ट, नव्या माणसाशी गोड बोलणं, या पोरीने हातात धरून त्याला दाखवली होती, आणि ती म्हणाली तशीच ती होती.

परतताना केरिनने घराच्या फाटकापाशी गाडी थांबवायला लावली. त्याचा पाण्याचा कॅन रिकामा होता. तो तिने काठोकाठ भरून आणला आणि त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवला.

‘‘वाटेत लागेल,’’ ती म्हणाली, आणि कुंपणाच्या कामाला निघून गेली.