डिकीतली हलकी टाकी

नोकरीतल्या कितीतरी घटनांचा तपशील आता पुसट झाला आहे. जतच्या नाक्यावर अडवलेल्या त्या पांढऱ्या गाडीचा मात्र झालेला नाही. मी तेव्हा जत तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आपल्याकडे बंदी असलेला गुटखा सीमेपलीकडून यायचा. नाकाबंदीत आमची माणसं एक साधी गोष्ट पाहायची, मालाच्या वजनानं गाडी मागून बसली आहे का. बसलेली दिसली की बाजूला घ्यायची, नाहीतर जाऊ द्यायची. आमची ही पद्धत माल आणणाऱ्यांनाही तोंडपाठ होती.

खबर दिली एका मेंढपाळानं. माळावर मेंढरं बसवताना त्यानं ती गाडी दोन-तीनदा पाहिली होती.

"सायेब, गाडी रिकामी दिसती," तो म्हणाला. "पन आडबाजूला थांबली की डिकीतनं घरघर येती अन् मागचं अंग वर उचलतं. वझं न्हाई तर उचलतंय कशापायी?"

प्रश्न बिनतोड होता. पुढच्या खेपेला ती गाडी नाक्यावर आली तेव्हा मागून जराही बसलेली नव्हती, तरी आम्ही अडवली. डिकीला वेगळं कुलूप होतं आणि चालकाकडं त्याची किल्ली नव्हती. पंचांसमोर ते तोडलं. आत दोन कॉम्प्रेसर, हवेची एक टाकी आणि उरलेल्या जागेत गुटख्याची पोती ठासून भरलेली. मागच्या स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे बसवले होते. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरणार, टाकी फुग्यांना देणार आणि कितीही माल घातला तरी गाडी सरळच दिसणार. डोकं चांगलं चाललं होतं, फक्त चुकीच्या कामाला.

चालवणारा मुलगा सातारा जिल्ह्यातला, विशीतला. सैन्यभरतीत त्याची निवड झाली होती, हजर व्हायचं बाकी होतं. गुन्ह्यात आरोपी म्हणून नाव गेलं असतं तर चारित्र्य पडताळणीतच ती नोकरी संपली असती. त्याला हे ठाऊक होतं.

गाडी त्याच्या मावशीच्या दिराची, कडेगावच्या बागायतदाराची. मुलगा मावशीकडे आला होता. 'सीमेपलीकडच्या गॅरेजमधून गाडी आणून दे' एवढंच त्याला सांगितलं होतं.

"ब्रेक दाबताना वजन कळलं नाही?" मी विचारलं.

"कळलं, साहेब. गाडी लय लांब जाऊन थांबत हुती. बाजूला घेऊन गाडीवाल्या काकांना फोन लावला. ते म्हनले, टाकी लय जड हाय रं ती, डिकीत दुसरं काय न्हाई. गप ये."

फोन झाल्याचं मोबाइल कंपनीच्या नोंदीत दिसत होतं. काय बोलणं झालं, ते कुठून दिसणार? तेवढ्यात मुलाचे वडील आले. निवृत्त सुभेदार. बाकावर ताठ बसले. पोराला भेटून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "आधी तुमचं ठरू द्या, साहेब. खोटं बोलत आसंल तर मला त्याचं तोंड बघायचं न्हाई."

गाडीमालक बोलावल्यावर लगेच हजर झाला. चेहऱ्यावर कसली चिंता नाही. "पोरानं परस्पर माल भरला, साहेब. मला काय ठावं? नातलगाचं म्हनून गाडी दिली."

मी गुटख्याचं नावच काढलं नाही. माझ्या पुतण्याच्या गाडीला अशीच हवेची जोडणी करायची आहे, काय घ्यावं, एवढंच विचारलं. चौकशीत गप्प बसणारी माणसं मी खूप पाहिली. आपल्या हौसेबद्दल विचारल्यावर गप्प बसलेला एकही पाहिला नाही. हा तर खुर्ची पुढं ओढून बसला.

"एक कॉम्प्रेसर घेऊ नका. लय वेळ चालला की तापतो अन् बंद पडतो. दोन घ्या, टाकी बिगीनं भरती. टाकी बारकी नको, दोनदा गाडी उचलली की हवा संपती. अन् लोखंडाची तर अजिबात नको, जड असती, आतनं गंजती. ही माझी ॲल्युमिनियमची हाय. मी सोता निवडली. मागं ज्वारीची पोती टाकून बघितली, गाडी बोटभर बसली न्हाई!"

"हलकी आहे?"

"हलकी? एका हातानं उचलतो."

"दाखवा."

गाडी आवारातच होती. त्यानंच हवालदाराला आधी हवा सोडायला सांगितलं, पाना कसा लावायचा तेही शिकवलं. पंच उभे होते. टाकी सुटताच त्यानं ती एका हातानं खांद्यापर्यंत उचलली आणि आमच्याकडं पाहून हसला.

मी मुलाला बाहेर बोलावलं. "काका फोनवर टाकीबद्दल काय म्हणाले, सांग."

मुलानं तेच शब्द पुन्हा सांगितले, "टाकी लय जड हाय, डिकीत दुसरं काय न्हाई." मालकाचं हसू गेलं. टाकी खाली ठेवायचं त्याला सुचेना. तासाभरात त्यानं माल कुठून आणला, कुठं द्यायचा, सगळं सांगितलं. मुलाला या मालाचा पत्ता नव्हता, हेही जबाबात आलं. गुन्हा नोंदला गेला तेव्हा मुलाचं नाव साक्षीदारांत होतं. मला मनापासून बरं वाटलं.

"आता भेटतो," सुभेदार उठून म्हणाले. मला वाटलं, पोराला जवळ घेतील. ते समोर उभे राहिले.

"फोन लावलास, म्हंजी तुला शंका आली हुती. मग तिथंच किल्ली टाकून चालत का आला न्हाईस?"

"नातलग हायत, न्हाई कसं म्हनू?" पोरगा म्हणाला. पुराव्यानं तो सुटला होता. पण हेच म्हणत पुढं गेलेली किती तरी माणसं मी आरोपी म्हणून पाहिली आहेत. त्यांच्यासाठी टाकी उचलून दाखवणारा कुणी भेटला नाही.