ठसका मिरच्यांचा नव्हता

लेक बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगा झाला, त्याच आठवड्यात वर्षाच्या मसाल्याचं काम निघालं. आम्ही चौघी बायका अंगणात मिरच्या भाजायला बसलो. सगळ्याच ठसकत होतो, हसत होतो. बाकीच्यांचा ठसका दोन दिवसांत गेला. माझा तीन आठवडे झाले तरी जाईना. खोकता खोकता उलटी व्हायची. शेजारीण म्हणाली, "तुजी छाती म्हातारी झाली, आता मिरच्या सुनंला भाजू दे." मीही हसले. मिरच्यांसाठी कोण डॉक्टरकडे जातं?

बाळाला तेल मीच लावायची. अजून महिन्याचा झाला नव्हता. त्या सकाळी माझ्या पायांवर असतानाच त्याचे ओठ जांभळे पडले. खोकला नाही, रडणं नाही. श्वासच नाही. मी त्याला उचलून पाठ चोळली, तेव्हा कुठे त्यानं श्वास ओढला. पनवेलला नेताना रिक्षात परत तसंच झालं.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे का. लेक म्हणाली, "नाय, कुनालाच नाय." ती खोटं बोलत नव्हती. मिरच्यांचा ठसका आमच्यात कुणी खोकल्यात धरत नाही.

परक्या माणसांपुढे माझा आवाज फुटत नाही. बाई पाठ फिरवून निघाल्या, तेव्हा मी त्यांचा कोट धरला. म्हटलं, "मला हाय. तीन आठवडे."

त्यांनी मला नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "आजी, हा डांग्या खोकला वाटतो. मोठी माणसं खोकत राहतात. एवढ्या बाळाचा श्वास थांबतो."

डांग्या खोकला मला लहानपणीच होऊन गेला होता. एकदा झाला की सुटलो, असंच मी धरून चालले होते. म्हातारपणी तो परत होतो आणि मी तो बाळाला देते, हे डोक्यात शिरेना. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली दुपटी काढून घेतली आणि आत बाळाकडे गेली.

तपासणीत तेच निघालं. आम्हा सगळ्यांना औषध दिलं. बारा दिवसांनी बाळ घरी आलं. तुम्ही बोललात म्हणून औषध वेळेवर सुरू झालं, असं बाई म्हणाल्या. घरातलेही तेच सांगून मला धीर देतात. मी मान हलवते. पण त्या तीन आठवड्यांत मी त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन किती वेळा बोलले, ते मलाच माहीत.