वाडीचा थांबा : निरंक

खातरीकाकीचा कुठल्याही गाडीवर विश्वास नव्हता. एसटी समोर उभी असली, इंजिन सुरू असलं, कंडक्टर दारात असला, तरी ती विचारायची, “जानार हाय, खातरी हाय का?” मगच पायरीवर पाय ठेवायची. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत तिचं खरं नाव कोणी घेत नसे.

महाडला जाताना ती दोन वेळची भाकरी बांधून घ्यायची. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी येईलच, हे तिने गृहीत धरलं नाही. शहरातल्या लोकांनी सांगितलेल्या अंतरांचा तर तिला रागच होता. एकदा एक कारकून तिला म्हणाला, “आजी, ते ऑफिस आता हायवेला गेलं. दहा मिनिटांवर आहे.”

“दहा मिनिटं कोनाच्या पायानं?” काकीने विचारलं. “तुझ्या फटफटीच्या?”

वाडीत दिवसातून एकच गाडी यायची, सकाळी सातला. काकीची नात वैशाली त्या गाडीने महाडच्या कॉलेजात जायची. अकरावी सायन्सला गेलेली ती वाडीतली पहिली मुलगी. खाली फाट्यावर दुसरी गाडी अकराला मिळे. तोवर कॉलेजचे तास संपत आलेले असत.

एका पावसाळ्यात वरचा रस्ता निसरडा झाला म्हणून ड्रायव्हरने फाट्यावरूनच गाडी फिरवली. वर माणसं वाट बघत बसली. वैशालीचा पेपर बुडाला. दुसऱ्या दिवसापासून काकी नातीला घेऊन अर्धा तास उतार उतरायची आणि फाट्यावर उभी राहायची. पंधरा दिवसांत सगळी वाडी तिच्यामागे उतरू लागली.

पाऊस संपल्यावरही हे थांबलं नाही. गाडी फाट्यावरून रिकामी वर जायची, वळून रिकामी खाली यायची, आणि वाडीची माणसं फाट्यावर चढायची. ड्रायव्हर ओरडायचा, “काकी, बसा की आताच! वर चक्कर मारून येऊ.”

“आनि वरच बंद पडली तर? तू ढकलनार?”

कंडक्टरने एकदा तिला बाजूला घेतलं. “वाडीचं तिकीट घ्या. वरून कोणी बसत नाही असं दिसलं तर फेरी जाईल.”

काकीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “बसायचं हितं आनि तिकीट तिथलं? ही कसली हुशारी रे?” सगळ्यांनी फाट्याचीच तिकिटं घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात फेरी बंद झाली. ती गाडी हायवेलगतच्या नव्या वसाहतीकडे वळवण्यात आली; आता ती फाट्यावरही येईना. तिथे बहुतेक दारांत मोटारसायकल आहे.

तेव्हा मी महाडला वार्ताहर होतो. वाडीतून प्रवासीच नाहीत, असा एसटीचा कागद होता; तो खोटा आहे, असं काकीचं ठाम मत होतं. माझंही जवळपास तेच होतं. मी पाहणीचा, म्हणजे कुठल्या थांब्यावर रोज किती माणसं चढली याचा, तक्ता मिळवला, कंडक्टरला गाठलं, तिकिटांशी ताडून पाहिलं. कागद खरा होता. वाडीच्या थांब्यापुढे रोज एकच शब्द लिहिला होता. फाट्यावर चढणारी माणसं कुठून चालत आली, हे लिहायला त्यात रकाना नव्हता. तो का नव्हता, याचं उत्तर मला कोणी दिलं नाही.

मी वाडीत जाऊन तिला तक्ता दाखवला. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं. “काय लिवलंय?”

“निरंक.”

“म्हंजे?”

“कोणी नाही.”

तिने तक्ता माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, “गाडी येत व्हती रे. मीच सगळ्यांना खाली नेलं.”

कुठल्याही कागदावर अंगठा न देणाऱ्या काकीने दुसऱ्या दिवशी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. चूक माझी आहे, वाडीत माणसं आहेत, एवढाच मजकूर. एसटीच्या डेपोत त्यावर आवक शिक्का बसला. उत्तर आलं नाही. वैशालीने दोन महिने अकराची गाडी धरली, मग हजेरी भरत नाही म्हणून नाव कमी झालं. मामाने तिला मुंबईला दुकानात कामाला नेलं.

ती गेली त्या सकाळी मी वाडीत होतो. काकी तिला सोडायला फाट्यापर्यंत आली नाही. वरच्या थांब्याच्या दगडावर ती एकटी बसली होती.

“काकी, इथे आता गाडी येत नाही,” मी म्हणालो.

“म्हायती हाय,” ती म्हणाली. “पन कोन तरी दिसाया नको? पुन्हा मोजाया आले तर?”