दाराजवळची जागा

मोठीमायला हळू बोलता येत नसे. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी. शहाद्याजवळच्या आमच्या गावात तिने कुणाच्या कानात काही सांगितलं, तरी समोरच्या ओट्यावर ऐकू जायचं. अशा बाईने एक गोष्ट मात्र वर्षभर कुणाला कळू दिली नाही.

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, सगळे भाऊबंद एका घरात जमतात, नैवेद्याचे रोट होतात. गाण्यांना तोंड मोठीमायच फोडायची. त्या वर्षी ती आलीच नाही. म्हातारी रुसली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कारणही शोधून झालं: रोटाचं दळण धाकट्या काकूकडे दिलं म्हणून.

मी तिची समजूत काढायला गेले. उकाडा मी म्हणत होता आणि तिच्याजवळचा पाण्याचा तांब्या भरलेला तसाच.

"रुसू कसाले, पोरी?" जन्मात पहिल्यांदा ती हळू बोलली. "गाताना जोर लागस, नि लुगडं वलं व्हस. देवीम्होरे कशी बसू?"

म्हणून तिने पाणीच तोडलं होतं. मला रडू आवरेना.

शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली. वय झालं म्हणून हे सोसत बसायचं नसतं, म्हणाल्या. पाणी तोडलं तर त्रास वाढतो. चहा कमी करा, ठरावीक वेळाने जाऊन या आणि लघवी अडवताना आवळतो ती जागा रोज आवळायची-सोडायची. चहावरून मोठीमायने घासाघीस केली, बाकी सगळं इमानाने केलं. भाजी निवडता निवडता ती गप्प झाली की आम्ही ओळखायचो, व्यायाम चाललाय. त्रास बराच कमी झाला, पुरता गेला नाही.

पुढच्या श्रावणात ती आली आणि दाराजवळ बसली. गाणं ऐन रंगात असताना उठून म्हणाली, "मी मुतीसन येस, गानं चालू ठेवा!" ओट्यावरच्या पुरुषांनी माना खाली घातल्या.

"देवीम्होरे असं बोलतस का?" धाकटी काकू कुजबुजली.

"कानबाईबी बाईच शे. तिले समजस."

हातपाय धुऊन आली आणि तिने पुढची ओळ उचलली. एवढी धीट बाई मी दुसरी पाहिली नाही.

मोठीमाय गेली. यंदा दाराजवळच्या जागेवर कुणी बसेना, शेवटी धाकटी काकू बसली. गाणं मध्यावर आलं तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मी येस," ती म्हणाली, चांगली मोठ्याने. "चालू ठेवा."

आम्ही गाणं थांबवलं नाही.