बंद ब्लिंकरने दिलेली साईड

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे इथं लिहायचं धाडस करतोय याबद्दल आधीच माफी मागतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही...

मी मूळचा पिशोरचा, संभाजीनगरात सिव्हिलला शिकतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता - रस्त्यावरच्या पिवळ्या ब्लिंकरमुळे वाहनं खरंच हळू होतात का. त्यासाठी सिल्लोड रोडवरच्या एका फाट्यावर रोज सकाळी वही घेऊन बसायचो. फार कमी लोक ब्रेक मारायचे.

कारण मला नानांकडून कळलं. नाना म्हणजे माझे चुलते. पिकअपमधून अद्रक घेऊन शहरात यायचे. विचारलं तर म्हणाले, "दिवा मिचकला म्हंजी साईड दिली ना बाबू. ट्रकवाला नाय का देत? ये म्हणतोय तो."

पुढचा ट्रक इंडिकेटर देऊन मागच्याला जाऊ देतो, तोच अर्थ त्यांनी खांबावरच्या दिव्याला लावला होता. मी हसलो. वहीत लिहून घेतलं, सरांना दाखवलं. नानांना मात्र सांगितलं नाही की ते चुकतायत. मला पहिल्या दिवशी कॉलेजच्या गेटपर्यंत सोडायला आलेला माणूस - त्यांना मी काय शिकवणार?

त्या सकाळी दाट धुकं होतं. माझ्या फाट्यावरचा ब्लिंकर आठवडाभर बंद होता, बॅटरी चोरीला गेलेली. सहा चाळीसला तो पेटला. तीनदा मिचकला आणि विझला. मी उठून खांबावरची बॅटरीची पेटी पाहिली - रिकामी, वायरी तुटलेल्या. वेळ वहीत लिहिली. मग का कुणास ठाऊक, नानांना फोन लावला. रिंग वाजत राहिली...

त्याच सुमारास पिशोरजवळच्या वळणावर नानांची गाडी समोरून येणाऱ्या ट्रकवर गेली होती. नाना जागीच गेले. शेजारी बसलेल्या काकूची वाचा गेली.

दहाव्याला गेलो तेव्हा ते वळण पाहिलं. तिथं ब्लिंकर नाही, साधा खांबही नाही. तिथं ब्लिंकर बसवावा म्हणून मी अर्ज लिहिला. तो अजून माझ्या बॅगेतच आहे. माझ्या फाट्यावर काय पेटलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

अर्ज द्यायला निघालो होतो, तेवढ्यात आईचा फोन आला. काकू बोलली होती. एवढंच बोलली -

"पुढं पिवळा दिवा तीनदा मिचकला. हे म्हणले, साईड दिली."