भाऊंनी जोडलेलं शेवटचं मशीन

"एका टायमाला एकच," असं म्हणत कॉम्प्युटर सांभाळणारे भाऊ चष्मा कपाळावर सरकवायचे आणि तुमचे हात कीबोर्डवरून बाजूला करायचे. नागापूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर अडला की माणसं घाबरून दिसेल ते बटण दाबतात. भाऊ एक गोष्ट बदलायचे, बघायचे, जमलं नाही तर ती पहिल्यासारखी करायचे आणि मगच पुढची. तुमच्याही कचेरीत असा एखादा संथ माणूस असेल आणि तुम्हाला त्याचा रागही येत असेल. मला यायचा. मी डिस्पॅचला, म्हणजे माल गाड्यांत भरून पाठवायला, घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली.

ते कोल्हारहून रोज मोटारसायकलवर यायचे. रस्ता कसा आहे विचारलं की म्हणायचे, "रस्ता कुठं हाय? खड्ड्यातनं खड्ड्यात येतो मी." त्यात त्यांची कंबर कामातून गेली होती.

मग कॉम्प्युटरचा सगळा कारभार पुण्याच्या हेड ऑफिसकडे न्यायचं ठरलं. सिस्टीममध्ये कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, तोवर भाऊंच्या खोलीत होता. आता पुण्याचा चालणार होता. आमचा बिलांचा प्रोग्रॅम एका व्हर्च्युअल मशीनवर हलवला, म्हणजे मोठ्या मशीनच्या पोटात चालणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या मशीनवर. ते पुण्याला जोडायचं काम भाऊंकडे आलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "हे जोडलं की ही खोली बंद. मग तुमचंही इथं काही काम उरत नाही."

भाऊ चष्मा कपाळावर सरकवून कामाला बसले.

मशीन काही जुळेना. बिलं निघेनात, गेटवर टेम्पोंची रांग लागली. भाऊंनी केबल बघितली, सेटिंग बघितली, एकेक करून सगळं. "पुण्याला हाक पोचतीय, उत्तर बी येतंय," ते म्हणाले. "पन नाव घेऊन शोधलं का सापडत न्हाई."

दुपारी मी खोलीचं दार लोटून घेतलं. म्हटलं, "भाऊ, राहू द्या ना तसंच. जुळत नाही म्हणून सांगा. तोवर तरी तुम्हाला कोण काढतंय?"

ते हसले, पण फार दमलेलं हसू होतं. "अन् त्या ड्रायव्हर लोकांनी काय करायचं? सकाळधरनं बसल्यात बिचारे."

थोड्या वेळानं दोष सापडला. नवं मशीन प्रत्येक नावाचा पत्ता अजून भाऊंच्या खोलीतल्या जुन्या सर्व्हरलाच विचारत होतं आणि त्या जुन्याला पुण्याचं काही ठाऊकच नव्हतं. भाऊंनी जुन्याचा नंबर खोडून पुण्याचा टाकला. मशीन बंद होऊन परत चालू झालं. खात्रीसाठी त्यांनी स्वतःचं नाव आणि पासवर्ड घातला आणि पुण्यानं त्यांना आत घेतलं.

"घ्या, काढा बिलं," म्हणत ते कंबर धरून उठले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि लगेच भरूनही आलं. मी बिलं काढायला बसलो.

महिनाअखेरीस त्यांची नोकरी गेली.

परवा प्रिंटर अडला म्हणून पुण्याला फोन लावला. तिथल्या मुलीनं विचारलं, "सर, आधी हे कोण बघायचं?" मी भाऊंचं नाव सांगितलं. पलीकडे बटणं वाजली.

"सर, या नावाचं कुणी सिस्टीमला दिसत नाहीये. नक्की आपलेच होते ना?"

"आमचे होते," मी म्हटलं.