कुरड्यांजवळची चिप

आमच्या घरात चाळीस वर्षं एक विनोद चालत आलाय: वहिनीनं दिराचं नशीब कुरड्यांबरोबर वाळवलं. ते खोटं आहे.

रेडिओ उघडता उघडता मी मायक्रोप्रोसेसरपर्यंत पोचलो होतो. चिपमधला प्रोग्राम पुसायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं, नागपूरचं ऊन होतं. चिपच्या पाठीवर छोटी काच असते. तिच्यावरची काळी पट्टी सोलायची आणि चिप आठवडाभर गच्चीवर ठेवायची; काचेतून ऊन आत गेलं की प्रोग्राम पुसला जातो. शेजारी वहिनीच्या कुरड्या.

"हे किडे कायले वाळवून राहिले गा भाऊजी? तळून खासान का?"

पहिलं काम मामांनी दिलं. त्यांच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांसाठी आकडे दाखवणारा वजनकाटा. दादा त्यांच्याकडेच नोकरीला होता. काटा तयार झाल्यावर मामा म्हणाले, "गाडीमागं थोडं कमी दाखवू दे. तुले काय, एक आकडाच त बदलवाचा आहे."

मी बदलला. खरंच एकच आकडा होता. पण त्यानं प्रत्येक शेतकऱ्याचा कापूस कमी भरणार होता. तोंडावर नाही म्हटलं असतं तर दादाची नोकरी गेली असती. म्हणून मी पट्टी सोलली आणि चिप कुरड्यांजवळ ठेवली.

चाचणीच्या दिवशी तीच चिप काट्यात बसवली. गाडी चढली, एकही आकडा उमटला नाही. मामा म्हणाले, प्रोग्राम पुन्हा भर. मी म्हणालो, मला जमत नाही. काम गेलं. घरात कुणीतरी वहिनीकडे बोट दाखवून म्हणालं, वाळवण उचलताना हिनंच पट्टी काढली असेल. मी गप्प बसलो.

पुढे नागपुरातच नंदनवन वस्तीत खोली घेऊन कूलरच्या पंपांचे टायमर केले, मग काटेही केले. त्यावरच जगलो. एकही काटा खोटा केला नाही. चिप पुसल्याची मला लाज नाही. आजही पुसेन. लाज आहे ती त्या गप्प बसण्याची.

परवा जेवताना दादानं नव्या सुनेला तोच विनोद सांगितला. मी म्हणालो, "चिप मी पुसली. मुद्दाम."

दादा चिडला. "मामाचं मीठ खाल्लं आपण!"

"खाल्लं. म्हणून लोकांले काटा मारू काय?"

वहिनी वाढता वाढता थांबली. "तवाच काहून नाही बोलले गा? मी त्या सालापासून कुरड्या टाकल्या नाहीत."

मी म्हणालो, "या उन्हाळ्यात टाका. गहू मी भिजवतो."

"तुम्ही? तुमच्याच्यानं चीक तरी निघते काय?"